स्वयंसेवकाचा खाडा कोण मांडतो?

शेतमजुरीत किंवा बांधकामावर खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी कापली जाते. मुकादमाच्या वहीत फुली पडते आणि विषय संपतो. वसतिगृहात विनामोबदला काम करणाऱ्या स्वयंसेवकाला मुळात मजुरीच नसते, त्यामुळे त्याचा खाडा कोणी मांडत नाही. आला तर आला, नाही आला तर "कामात असेल" म्हणून सोडून दिले जाते. पण खाडा पडायचा तो पडतोच. फक्त त्याची किंमत खाडा करणारा देत नाही, आतली मुले देतात.

वसतिगृहांविषयी बोलताना आपण अनुदान, जेवणाचा दर्जा, रिक्त जागा, स्वाधारचे रखडलेले पैसे यांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण आपल्या समाजातील संस्था चालवतात ती कित्येक छोटी वसतिगृहे आजही एक अधीक्षक, एक स्वयंपाकीण, एखादा मदतनीस आणि चार-पाच तरुण स्वयंसेवक यांच्या जिवावर उभी आहेत. संध्याकाळचा अभ्यास, रविवारची वंदना, तापलेल्या मुलाला सरकारी दवाखान्यात नेणे, दाखल्यांसाठी तहसीलच्या खेपा, आठवी-नववीतल्या मुलांशी दोन शब्द बोलणे, ही सगळी कामे हे तरुण करतात. दर जूनमध्ये त्यांची नवी तुकडी येते आणि दिवाळीपर्यंत तिच्यातले निम्मे दिसेनासे होतात. हे का होते आणि ते कसे टाळता येईल, हे मी स्वतः केलेल्या एका चुकीपासून सांगतो.

एम.ए. करत असताना मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मुलांच्या वसतिगृहात आठवड्यातून चार संध्याकाळी अभ्यास घ्यायला जात होतो. तिथे पाचवीत एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडीला जाणारे. गणितात त्याचे डोके इतके चाले की मी त्याला जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसवायचे ठरवले. टोळी निघण्याआधी त्याच्या वडिलांची सही घेतली, मुख्याध्यापकांचा शिक्का घेतला, फोटो चिकटवला. फॉर्म माझ्या पिशवीत होता. तेवढ्यात चुलत बहिणीचे लग्न आले आणि मी चार दिवस गावी गेलो. गावात मोबाइलला रेंज नव्हती. फॉर्म देण्याची शेवटची तारीख त्या चार दिवसांत येऊन गेली. वसतिगृहात सगळ्यांना वाटत होते की सरांनी फॉर्म कधीच जमा केला. त्या मुलालाही तसेच वाटत होते.

नवोदयची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा मुलाला एकदाच देता येते. पाचवीत संधी गेली की गेली.

परत आल्यावर मी त्याला सांगितले. तो रडला नाही, रागावलाही नाही. "सर, तुम्ही कधी येणार होता?" एवढेच त्याने विचारले. मी कधी येणार हे मी त्याला सांगितलेच नव्हते. अधीक्षक म्हणाले, "जाऊ द्या सर, तुम्ही तरी फुकट किती करणार." हे वाक्य त्यांनी चांगुलपणाने उच्चारले होते, पण ते मला आजही बोचते. फुकट केलेल्या कामाला हिशोब लागत नाही, असा त्याचा अर्थ होतो. पगारी माणसाने हेच केले असते तर त्याला नोटीस मिळाली असती. मला माफी मिळाली, आणि माफीने मुलाचे काही परत आले नाही.

बहिणीच्या लग्नाला जाणे ही माझी चूक होती का? नाही. आजही जाईन. फॉर्म माझ्या पिशवीत होता आणि तो तिथे आहे हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते, ही चूक होती. न सांगता आणि हातातले काम कोणाच्या हाती न देता घेतलेली सुट्टी घातक असते. हा फरक आपल्याकडे नीट केला जात नाही. एकीकडे त्यागाची भाषा इतकी मोठी की सुट्टी मागायला तोंड उघडत नाही. दुसरीकडे, तोंड उघडत नाही म्हणून माणूस एक दिवस गुपचूप यायचा बंद होतो.

"बाबासाहेबांनी कधी सुट्टी घेतली का?"

हा प्रश्न प्रत्येक स्वयंसेवकाने कधी ना कधी ऐकलेला असतो. परीक्षेसाठी महिनाभर येणार नाही म्हटले की एखादे ज्येष्ठ कार्यकर्ते हा प्रश्न टाकतात आणि समोरचा गप्प होतो. मला वाटते, गप्प होऊ नये. बाबासाहेबांच्या चरित्रातच याचे उत्तर आहे.

१९१७ मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती संपली तेव्हा त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पण निघण्याआधी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला गेले. पाक्षिक जेमतेम सहा महिन्यांचे होते. समाजाला त्याची गरज नव्हती असे कोण म्हणेल? तरी ते सहकाऱ्यांच्या हाती सोपवून ते गेले, कारण शिक्षण पुरे करणे हेही चळवळीचेच काम होते. मागे राहिलेल्यांना ते पाक्षिक फार काळ चालवता आले नाही आणि १९२३ मध्ये ते बंद पडले. हे नुकसान खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण त्याच १९२३ मध्ये बाबासाहेब परतले, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. आपण ज्या परंपरेत काम करतो, तिची सुरुवात एका दीर्घ रजेवरून परतलेल्या माणसाने केली आहे.

तेव्हा एमपीएससीच्या मुख्य परीक्षेसाठी दोन महिने मागणाऱ्या स्वयंसेवकाला टोमणा मारण्याआधी एवढे आठवावे. त्याने मात्र बाबासाहेबांसारखेच जाण्याआधी परतीचे ठरवून जावे आणि आपले काम कोणाच्या तरी हाती द्यावे.

विनयात सुट्टीचा विचार

वर्षावासात भिक्खूंनी तीन महिने एका ठिकाणी राहायचे, हे आपल्याला माहीत असते. त्यातही सुट्टीची सोय आहे, हे मात्र विहारात क्वचितच सांगितले जाते. महावग्गात वर्षावासाचे नियम आहेत, त्यात सात दिवसांच्या आत परतता येईल अशा कामासाठी बाहेर जाण्याची परवानगी आहे. कोणत्या कामासाठी जाता येते याचा बारीक विचार तिथे केलेला दिसतो. काही ठिकाणी बोलावणे आले तरच जायचे. पण सहवासी भिक्खू आजारी असेल, किंवा आई वा वडील आजारी असतील, तर बोलावण्याची वाट न बघताही जाता येते. ज्याने घर सोडले त्यालासुद्धा आजारी आईकडे जाण्यासाठी नियमाने वाट मोकळी ठेवली आहे. त्यात सात दिवसांची मर्यादाही आहे. म्हणजे जाण्याचे कारण धरले आहे आणि परतीचा दिवसही.

दुसरा नियम तर वसतिगृहाच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. पाचित्तिय नियमांत असे सांगितले आहे की संघाच्या मालकीची खाट, बैठक किंवा अंथरूण भिक्खूने मोकळ्या जागेत मांडले आणि निघताना ते उचलून ठेवले नाही, कोणाकडून उचलून घेतले नाही, कोणाला सांगितलेही नाही, तर तो दोष ठरतो. विहाराच्या आतल्या अंथरुणाबाबतही असाच नियम आहे. म्हणजे तीन वाटा दिल्या आहेत: स्वतः आवर, दुसऱ्याकडून आवरून घे, निदान सांगून जा. यातले काहीही न करता जाणे हा दोष. माझ्या पिशवीतला तो फॉर्म म्हणजे उघड्यावर टाकलेली संघाची खाटच होती.

मी काही विनयाचा अभ्यासक नाही. पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समूहाने गैरहजेरीचा इतका व्यवहारी विचार केला होता हे वाचल्यावर, आपण वसतिगृहाच्या बैठकीत यावर पाच मिनिटेही बोलत नाही याची लाज वाटते.

सुरुवातीलाच कमी कबूल करा

गैरहजेरीचा प्रश्न बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच पेरला जातो. चौदा एप्रिलचा उत्साह ताजा असतो, शिबिर झालेले असते, आणि नवा मुलगा सांगतो, "मी रोज येईन." अधीक्षकही खूश होऊन हो म्हणतात. जूनमध्ये तो रोज येतो, जुलैत आठवड्यातून तीनदा, गणपतीनंतर कधीतरी. दरम्यान बाकीच्यांनी त्याच्या भरवशावर आपले दिवस सोडून दिलेले असतात.

नव्या स्वयंसेवकाला मी एकच सांगतो. तुम्हाला जेवढे जमेल असे वाटते त्याच्या निम्मेच कबूल करा. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, बस्स. मंगळवार म्हटले की मुलांना तुम्ही आठवले पाहिजेत. रोज येणाऱ्या पण कधी येईल याचा नेम नसलेल्या दादापेक्षा दोनच दिवस नक्की येणारा दादा मुलांना जास्त उपयोगी पडतो. शिवाय निम्मे कबूल केल्यावर घरची कामे, नोकरी, अभ्यास यांना जागा उरते आणि सुट्टी मागण्याची वेळच कमी येते.

कोणाला सांगायचे आणि कसे

रात्री अकराला वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "उद्या जमणार नाही, जय भीम" असे टाकणे म्हणजे कळवणे नव्हे. ग्रुपवरचा निरोप सगळ्यांसाठी असतो, म्हणून तो कोणासाठीच नसतो. चौदा जण हात जोडल्याचे चिन्ह पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पस्तीस मुले अभ्यासिकेत एकटी बसलेली असतात.

एका माणसाला फोन करा. तो "ठीक आहे, मी बघतो" असे म्हणेपर्यंत तुमचे सांगणे पूर्ण झालेले नाही. हा माणूस अधीक्षक असेल किंवा तुमचा जोडीदार. जोडी लावणे हा मला सापडलेला सर्वांत सोपा उपाय आहे. दोन स्वयंसेवकांनी एकमेकांचे दिवस, एकमेकांची मुले आणि एकमेकांची अर्धवट कामे माहीत ठेवायची. दोघांनी एकाच आठवड्यात सुट्टी घ्यायची नाही. नवरा-बायको किंवा सख्खे भाऊ यांची जोडी लावू नये, कारण घरात लग्न किंवा मयत झाली की दोघेही जातात.

कारण किती सांगायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. "येऊ शकत नाही, गुरुवारी येतो" एवढे पुरे असावे. आम्ही काही वर्षे कारण विचारायचो, आणि मग पाळीचा त्रास होणाऱ्या मुली दर महिन्याला नवी खोटी सबब शोधायच्या. एका सहकारी मैत्रिणीने मला एकदा सुनावले होते, "तुम्ही वसतिगृहातून सुट्टी घेता. मला वसतिगृहात यायला घरून सुट्टी घ्यावी लागते." लग्न झालेल्या बाईचे दोन तास मिळवण्यासाठी स्वयंपाक, सासू, मूल हे सगळे आधी लावून यावे लागते. तिच्या वेळा अंधार पडण्याआधीच्या ठेवणे आणि तिचा खाडा झाल्यावर भुवया न उंचावणे, एवढे पुरुष कार्यकर्त्यांनी केले तरी वसतिगृहांना अधिक बायका मिळतील.

काम पिशवीत नको, वहीत हवे

समाजशास्त्र शिकताना आम्हाला मॅक्स वेबर होता. नोकरशाहीचे त्याने केलेले वर्णन तेव्हा रुक्ष वाटले होते. काम माणसाचे नसून पदाचे असते, ते लेखी असते, माणूस बदलला तरी फाईल राहते. आपण चळवळीतली माणसे नोकरशाहीला शिव्या देतो, आणि द्याव्यात अशी कारणे आपल्याला रोज मिळतात. पण एवढी एक गोष्ट तिच्याकडून उचलायला हरकत नाही. आपल्याकडे सगळे माणसावर चालते. "ते कांबळे सरांना माहीत आहे" असे म्हणायचे, आणि कांबळे सर बाहेरगावी असले की सगळे अडते.

नवोदयच्या प्रकारानंतर आम्ही शंभर पानी वही केली आणि ती ऑफिसच्या टेबलाला सुतळीने बांधली. बांधली नसती तर तीही कोणाच्या तरी पिशवीत गेली असती. प्रत्येकाने निघताना चार ओळी लिहायच्या. आज काय झाले, काय अर्धवट राहिले, त्याची शेवटची तारीख कोणती, कागद कुठे ठेवला. उदाहरणार्थ: "सातवीतल्या दोघांचे जातीचे दाखले सेतूत दिले, पावती हिरव्या फाईलमध्ये, सोमवारी विचारायचे." किंवा: "लहान खोलीतल्या मुलाला डॉक्टरांनी पाच दिवसांचे औषध दिले, आज दुसरा दिवस, बाटली अधीक्षकांकडे." एवढे लिहिलेले असले की तुम्ही उद्या आला नाहीत तरी सोमवारी सेतूत कोणीतरी जाते.

दुसरा नियम आम्ही कडक केला. मुलांचा मूळ कागद वसतिगृहाच्या कपाटातून बाहेर न्यायचा तो फक्त त्या दिवसाच्या कामापुरता, आणि संध्याकाळी कपाटात परत. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक यातले काहीही कोणाच्या घरी मुक्कामाला राहणार नाही.

वहीत काय लिहू नये, हेही ठरवावे लागले. एखाद्या मुलाने घरातील मारहाणीविषयी किंवा अंगचटीला येणाऱ्या कोणाविषयी सांगितले, तर ते सर्वांना दिसेल अशा वहीत जाता कामा नये. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर सुट्टी, जोडीदार, वही सगळे बाजूला ठेवायचे. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला अशी माहिती मिळते त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "मी दोन दिवस बाहेर होतो, आल्यावर सांगणार होतो" हे तिथे चालत नाही. तक्रार वसतिगृहातल्याच माणसाविषयी असेल तर त्या माणसाच्या परवानगीची वाट बघू नका. १०९८ वर फोन करता येतो.

बदली माणूस

"मी येत नाही, माझ्या मित्राला पाठवतो." ऐकायला जबाबदारीचे वाटते, पण हे अजिबात करू नका. मुलांच्या वसतिगृहात अनोळखी माणूस केवळ तुमच्या शब्दावर आत येणे, हीच धोक्याची सुरुवात असू शकते. तुमचा मित्र चांगलाच असेल. प्रश्न असा आहे की "दादाचा मित्र" म्हणून कोणीही आत येऊ शकतो, ही सवय मुलांना लागते. बदली द्यायची ती वसतिगृहाला आधीपासून ठाऊक असलेल्या, ओळखपत्राची प्रत दिलेल्या स्वयंसेवकांमधूनच. मुलींच्या वसतिगृहात पुरुष बदली कधीच नाही. आणि कोणीच मिळाले नाही तर त्या संध्याकाळी अभ्यास मुलांनी आपला आपण करावा. मोठ्या मुलांनी लहानांना पाढे घ्यावेत. एका संध्याकाळचा अभ्यास बुडाल्याने काही बिघडत नाही.

मुलांना काय सांगायचे

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच सगळे विसरतात. आपण अधीक्षकांना सांगतो, जोडीदाराला सांगतो, मुलांना मात्र सांगत नाही. त्यांना काय कळते, असे वाटते.

बीड, जालना, परभणीकडच्या वसतिगृहांत कित्येक मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या मुलांना माणूस जाणे म्हणजे काय हे आपल्यापेक्षा नीट कळते. निघताना आईने "लगेच येते" म्हटले की ते खोटे असते हेही त्यांना कळते. म्हणून त्यांना "लवकर येतो" असे सांगू नका. दिवस सांगा. कॅलेंडरवर बोट ठेवून सांगा: या शुक्रवारी नाही, पुढच्या मंगळवारी. आणि दिवस माहीत नसेल तर तेही सांगा: माझे वडील दवाखान्यात आहेत, किती दिवस लागतील ठाऊक नाही, रविवारी फोन करतो. मग रविवारी फोन करा. अधीक्षकांच्या फोनवर दोन मिनिटे बोलणे पुरते.

लहान मुले तुमच्या येण्याशी स्वतःला जोडतात. तुम्ही आला नाहीत तर "मी काल दंगा केला म्हणून दादा आला नाही" असा अर्थ लावतात. एकदा एका चौथीतल्या मुलाने मला आल्या आल्या सांगितले, "सर, आता मी सगळी गणिते केली आहेत." माझ्या वडिलांचे ऑपरेशन होते आणि तो आठ दिवस गणिते करत बसला होता.

आपलेच सण, आपलीच परीक्षा

आता थोडे कडू. बौद्ध वसतिगृहात स्वयंसेवकांचे खाडे वर्षभर सारखे पडत नाहीत. ते ठराविक तारखांना एकदम पडतात: अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, आणि १४ एप्रिल. या दिवशी सगळ्यांना जायचे असते. जावेसेही वाटते, मलाही वाटते. पण ६ डिसेंबरला सगळे दादरला गेले की वसतिगृहात अधीक्षक एकटे आणि पन्नास-साठ मुले. ही तारीख काही अचानक येत नाही. जूनच्या पहिल्या बैठकीत पुढच्या वर्षाची वाटणी करावी: यंदा नागपूरला जाणाऱ्याने डिसेंबरला थांबायचे, डिसेंबरला जाणाऱ्याने एक जानेवारीला थांबायचे. आमच्याकडे या वाटणीवरून पहिल्या वर्षी भांडण झाले, दुसऱ्या वर्षी कमी झाले.

एप्रिलची गोष्ट वेगळी आहे. एप्रिल म्हणजे शाळांच्या वार्षिक परीक्षांचा महिना. आणि नेमके त्या वेळी आपले तरुण जयंतीची वर्गणी, मंडप, मिरवणूक, डीजे यांत दहा-दहा दिवस अडकलेले असतात. ज्याच्या जयंतीसाठी खाडा करतो, त्यानेच शिकायला सांगितलेली मुले अभ्यासिकेत दादाची वाट बघत असतात. जयंती समितीत असाल तर निदान मार्चमध्येच परीक्षेच्या आठवड्यातले दिवस दुसऱ्याला देऊन टाका. याहून बरे म्हणजे समितीलाच सांगा की १ ते १३ एप्रिल रोज संध्याकाळी दोन माणसे वसतिगृहावर पाठवायची, आणि ते जयंतीच्या कामातच धरायचे. एका गावात हे झाले, म्हणून म्हणतो.

आजारपण आणि मोठी रजा

आजारी असताना येणे हा त्याग नव्हे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती तेव्हा लाल डोळे घेऊन "मुलांचा अभ्यास बुडेल" म्हणत येणारे दादा मी पाहिले आहेत. दाटीवाटीने झोपणाऱ्या, एकमेकांचे टॉवेल वापरणाऱ्या मुलांमध्ये एक डोळा लाल म्हणजे आठवड्यात पन्नास. डोळे, खरूज, कांजिण्या, गालगुंड, बरा न होणारा खोकला यांपैकी काही असेल तर घरी थांबा.

मन थकले असेल तर तीही सुट्टी मागावी. रोहितच्या आठवणीने, गावातल्या एखाद्या प्रकरणाने, पोलिस ठाण्याच्या खेपांनी कार्यकर्ते आतून रिकामे झालेले असतात आणि वसतिगृहात येऊन मुलांवर खेकसतात. मग मुले त्या माणसालाच टाळू लागतात. महिनाभर थांबून परत आलेला माणूस पुढे चार वर्षे टिकतो, हे मी दोन-तीन जणांच्या बाबतीत पाहिले.

मोठी रजा, मग ती परीक्षेची असो, बाळंतपणाची किंवा नव्या नोकरीची, सुरू होण्याआधी आपल्या दिवसांवर नवा माणूस दोन आठवडे सोबत घेऊन यावे. मुलांनी दोघांना एकत्र पाहिले की बदल सोपा जातो. आणि कायमचे थांबायचे असेल तर तेही तोंडाने सांगावे. "बघू, जमेल तसे येईन" या वाक्याने तुमची जागा अडून राहते. अधीक्षक नवीन माणूस शोधत नाहीत आणि तुम्ही येत नाही. थांबणे यात कमीपणा नाही. वसतिगृहात जाऊन एकदा मुलांबरोबर जेवा, कोणत्या मुलाचे कोणते काम कुठवर आले आहे ते जोडीदाराला वहीत दाखवा, ग्रुपमधून स्वतः बाहेर पडा आणि कपाटाची किल्ली परत करा. ही किल्ली लोक हमखास घेऊन जातात. आमच्याकडे त्या एका कपाटाचे कुलूप तीन वर्षांत दोनदा तोडावे लागले, आणि दोन्ही वेळा आत मुलांचे दाखले होते.